पावसाचा खंड, गोळ्यांचा खंड

२०२३चा ऑगस्ट महिना वाशीम जिल्ह्यातल्या सोयाबीनवाल्यांच्या चांगला लक्षात असेल. देशात १९०१पासूनच्या पावसाच्या नोंदींमध्ये इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. पीकविम्याची २५ टक्के आगाऊ रक्कम मिळणार की नाही, ही पारावरची चर्चा त्या महिन्यात एकाच आकड्याभोवती फिरत होती. सलग २१ दिवसांचा खंड. पाऊस किती मिलिमीटर पडला, हे कुणी विचारत नव्हतं. खंड किती दिवसांचा, एवढंच.

याच जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या शेतकऱ्याला यामागचं गणित कुणी शिकवावं लागत नाही. दोन गावांत पाऊस सारखाच पडला. एका गावात बेताबेताने, दुसऱ्यात आधी धो-धो आणि मग तीन आठवडे कडक ऊन. पर्जन्यमापकाच्या वहीत दोन्हीकडे एकच बेरीज दिसेल. खळ्यावर मात्र दिसणार नाही. त्यातही खंड कधी पडला याला महत्त्व आहे. शेंगा भरायच्या वेळी पडला तर त्या वर्षीचं गणित तिथेच संपलं.

एचआयव्हीच्या गोळ्यांचंही असंच आहे. महिन्यात एकूण किती गोळ्या चुकल्या यापेक्षा त्या कशा चुकल्या, सलग की सुट्या, आणि खंड संपवून माणूस परत कधी आला, यावर पुढचं सगळं ठरतं. शेतकऱ्याला जे अंगवळणी आहे, ते इथे उमगायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली आणि त्यासाठी समीकरणं आणि संगणक वापरावे लागले. वाटेत या मंडळींनी दोन मोठ्या चुकाही केल्या. त्या चुकाच मला जास्त शिकवणाऱ्या वाटतात.

हिशेबासाठी एक माणूस घेऊ. मंगरूळपीर तालुक्यातल्या एखाद्या गावचा शेतमजूर, वय चाळीस. हा खरा कुणी नाही. संगणकाच्या मॉडेलात माणसं असतात तसा हाही नुसता आकड्यांचा बनलेला, म्हणून त्याला नाव देत नाही. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारा गोळ्यांचा उपचार, सुरू होऊन त्याला तीन वर्षं झाली आहेत. रोज रात्री जेवण झालं की एक गोळी. महिन्याकाठी एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणच्या एआरटी केंद्रावर जायचं, उपचारांच्या नोंदीचं हिरवं पुस्तक दाखवायचं, उरलेल्या गोळ्या मोजून घ्यायच्या आणि नवी डबी घेऊन परत यायचं. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. सोयाबीनची सोंगणी आटोपली, दिवाळी झाली, की हा बायकोपोरांसह पुण्याकडे बांधकामावर जातो. सोबत नेलेली डबी महिनाभरात संपते. पुण्यातही केंद्रं आहेत. पण ती नेमकी कुठे, तिथे काय विचारतील, मुकादमाला काय सांगून सुटी काढायची आणि एका खोलीत राहणाऱ्या चार गाववाल्यांना रोजच्या गोळीचं काय कारण सांगायचं? पाडव्याला गावी परतेपर्यंत गोळ्यांविना चार महिने होऊन जातात.

त्या चार महिन्यांत त्याच्या शरीरात काय झालं? आणि जिल्ह्यात त्याच्यासारखे शेकडो असतील तर जिल्ह्याचं काय होतं? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर काढायला मुद्दाम माणसांच्या गोळ्या बंद करून बघता येत नाही. (एकदा तसं केलं गेलं. ते पुढे येईल.) म्हणून मग मॉडेल. मॉडेल या शब्दाला बिचकायचं कारण नाही. आवक किती, जावक किती, शिल्लक किती, असा हा वाण्याच्या वहीतला हिशेब. फरक इतकाच की तो तासातासाला मांडायचा असतो आणि आजची शिल्लक उद्याची आवक ठरवते. त्यामुळे हाताने करायचा म्हटला तर आयुष्य पुरणार नाही.

या हिशेबाची सुरुवात १९९५च्या जानेवारीत झाली, असं म्हणायला हरकत नाही. तोवर डॉक्टरांना एक कोडं होतं. एचआयव्हीची लागण झालेला माणूस आठ-दहा वर्षं धडधाकट असतो, रक्तातल्या विषाणूंची संख्याही त्या काळात फारशी हलत नाही. म्हणजे विषाणू झोपलेला असणार, असा समज होता. विहिरीचं उदाहरण घ्या. पाण्याची पातळी दिवसभर तशीच आहे, म्हणजे विहीर शांत आहे असं कुणी परगावचा पाहुणा म्हणेल. पण शेतकरी आधी पाहील की पंप चालू आहे का. पंप सकाळपासून चालू आहे आणि तरी पाणी उतरत नाही, याचा अर्थ खालून जबरदस्त झरा लागलाय. जेवढं उपसलं जातंय तेवढंच येतंय.

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड हो आणि अलाबामात जॉर्ज शॉ यांच्या गटांनी नेमकं हेच तपासलं. नव्या औषधाने त्यांनी झरा बुजवला आणि पाणी किती वेगाने उतरतं ते मोजलं. 'नेचर'च्या एकाच अंकात दोघांचे निष्कर्ष आले. हो यांच्या गटात अॅलन पेरेल्सन हे गणिती होते. ज्या लॉस अलामोसमध्ये अणुबॉम्ब तयार झाला, त्याच प्रयोगशाळेत बसून ते रोगप्रतिकारशक्तीची समीकरणं मांडत असत. पातळी झरझर उतरली. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी बारकाईने मोजमाप केलं. रक्तातला विषाणू निम्मा व्हायला सुमारे सहा तास, लागण झालेली पेशी सरासरी दोन दिवसांची पाहुणी, आणि एका माणसाच्या शरीरात रोज तयार होणारे विषाणू सुमारे एक हजार कोटी. दहा वर्षं झोपलेला समजला गेलेला विषाणू दहा वर्षं रात्रंदिवस राबत होता आणि शरीर तितक्याच नेटाने त्याला उपसून टाकत होतं.

या एका आकड्यातून तीन औषधांची गरज सिद्ध होते. विषाणू स्वतःची नक्कल करताना गचाळ काम करतो. दर तीसेक हजार अक्षरांमागे एक चूक, आणि त्याची पोथी जेमतेम दहा हजार अक्षरांची. म्हणजे ढोबळमानाने दर तिसऱ्या प्रतीत एक चूक. एखाद्या औषधाला दाद न देणारा ठरावीक बदल साधारण लाखात एका प्रतीत घडतो असं धरलं, तर रोजच्या हजार कोटी प्रतींत तो लाखभर वेळा घडून जातो. एकच औषध दिलं तर त्याला चकवणारा विषाणू आधीच हजर असतो. दोन ठरावीक बदल एकाच प्रतीत यायला हजार कोटींत एक, म्हणजे रोज एखादा. पण तीन बदल एकदम यायचे तर एकावर पंधरा शून्यं इतक्या प्रती लागतील. रोज हजार कोटींच्या वेगानेही त्याला एक लाख दिवस, म्हणजे पावणेतीनशे वर्षं. हिशेब ओबडधोबड आहे, कारण सगळे विषाणू पुढे पेशीत शिरत नाहीत. पण १९९६नंतर तीन औषधांचं मिश्रण श्रीमंत देशांत रूढ झालं, त्यामागचं बळ हेच.

औषधं होती, पण ती आपल्यासाठी नव्हती. वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात खर्च. २००१मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचं मिश्रण दिवसाला एक डॉलरहूनही कमी दरात देऊ केलं आणि बाजार हलला. भारत सरकारने मोफत उपचार १ एप्रिल २००४ला सुरू केले, पहिल्या आठ केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. विदर्भातल्या तालुक्याच्या माणसाला तेव्हा मुंबई म्हणजे रात्रभराचा रेल्वे प्रवास. केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत यायला पुढची काही वर्षं गेली.

आता खंडाकडे येऊ. शेतात रात्री जागलीला तीन माणसं बसली आहेत असं समजा. तिघंही एकाच वेळी उठून घरी गेले, तर शेत मोकळं पडेल, रोही आणि रानडुकरं येतील, नुकसान होईल. पण त्या जनावरांना जागल्यांबद्दल नवं काही शिकायला मिळणार नाही. उद्या तिघं परत आले की जनावरं पुन्हा पळतील. खरी पंचाईत होते ती दोघं उठून गेल्यावर आणि तिसरा एकटाच पेंगत बसल्यावर. त्याच्या एकट्याच्या हाकेला न भिणारं जनावर तेवढ्यात शेतात शिरतं, पोट भरतं, आणि पुढच्या वेळी आपल्यासारखीच आणखी दहा घेऊन येतं.

जुन्या मिश्रणांमध्ये असंच व्हायचं. आपल्या सरकारी केंद्रांवर पूर्वी दिल्या जाणाऱ्या झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि इफाव्हिरेन्झ या तिघांचा विचार करू. गोळी थांबली की पेशीतलं झिडोव्हुडिन सहा-सात तासांत निम्मं होतं, लॅमिव्हुडिन अठरा-वीस तासांत, आणि इफाव्हिरेन्झला मात्र दोन दिवस लागतात. चौथ्या दिवशी पहिल्याचा मागमूस नाही, दुसरं तीन-चार टक्क्यांवर, तिसरं अजून पंचवीस टक्के. म्हणजे तीन औषधं एकाच दिवशी बंद करणारा माणूस, स्वतःला न कळता, आठवडाभर एकाच औषधावर जगत असतो. त्यात इफाव्हिरेन्झला निकामी करायला विषाणूला एकच बदल पुरतो, आणि तो बदल तर रोज लाखभर वेळा होतो, हे वर पाहिलं. २०१२मध्ये हार्वर्ड आणि जॉन्स हॉपकिन्सच्या रोझेनब्लूम, हिल, सिलिसियानो, नोवाक आदींनी हे सगळं एकत्र मांडणारं मॉडेल प्रसिद्ध केलं. प्रत्येक औषधाची रक्तातली उतरण, त्या उतरणीवर साधा विषाणू कुठे डोकं वर काढतो आणि औषधाला न जुमानणारा कुठे, आणि माणूस गोळ्या कशा चुकवतो, याची हजारो वेळा फिरवाफिरवी करून त्यांनी औषधागणिक धोक्याची खिडकी काढली. काही औषधांची खिडकी प्रशस्त, काहींची फटीएवढी. गोळ्या चुकवूनही काही औषधांना विषाणू सरावत का नाही, हे डॉक्टरांना बरीच वर्षं पडलेलं कोडं त्यात सुटलं.

याच हिशेबाने केंद्रावरच्या गोळ्या मोजण्याच्या पद्धतीकडे पाहा. तीसपैकी सहा गोळ्या उरल्या, म्हणजे ८० टक्के. वहीत तेवढंच लिहिलं जातं. पण एकाने दर पाचव्या दिवशी गोळी चुकवली आणि दुसऱ्याने बहिणीच्या घरच्या लग्नात डबी न्यायची लाज वाटली म्हणून सहा दिवस सलग. पहिल्याच्या रक्तातलं इफाव्हिरेन्झ चुकलेल्या दिवशी फार तर सत्तर टक्क्यांवर येतं आणि पुन्हा भरतं. दुसऱ्याचं आठव्या हिश्श्यावर, आणि तोवर बाकीचे दोन जागले केव्हाच घरी गेलेले. टक्केवारी दोघांची सारखीच. पर्जन्यमापकाची वही आणि खळं यांच्यातला हाच फरक.

आपल्या गड्याचा खंड मात्र सहा दिवसांचा नाही, चार महिन्यांचा आहे. तिथे दुसरं प्रकरण सुरू होतं, आणि मॉडेलवाल्यांची पहिली मोठी चूकही तिथलीच.

विहिरीचा हिशेब इतका चोख जमला होता की १९९७मध्ये त्याच मंडळींनी पुढचं गणित केलं. झरा पूर्ण बुजवला आणि लागण झालेल्या सगळ्या पेशी आपापल्या गतीने मरू दिल्या, तर दोन ते तीन वर्षांत शरीर विषाणूमुक्त होईल. जगभर मथळे झाले. गणितात चूक नव्हती. चूक होती ती शेताबद्दलच्या माहितीत. गाजरगवत निंदून काढलं, डवरणी झाली, वावर स्वच्छ दिसतंय, म्हणून गाजरगवत संपलं असं कोणता शेतकरी म्हणेल? मातीत बी पडलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. एचआयव्ही काही मोजक्या पेशींमध्ये असाच बी होऊन पडून राहतो. त्या पेशी झोपलेल्या असतात, औषधं त्यांना शिवत नाहीत. रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने मोजलं तेव्हा हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात असं निघालं. दहा लाख पेशींचा साठा एका पेशीवर यायला वीस वेळा निम्मा व्हावा लागतो. वीस गुणिले ४४ महिने म्हणजे ७३ वर्षं. तीन वर्षांचा हिशेब एका रात्रीत माणसाच्या आयुष्याएवढा झाला. गोळी कायमची आहे, हे आज समुपदेशक पहिल्याच भेटीत सांगतात, त्याचं मूळ या आकड्यात आहे.

गोळी थांबली की हे बी उगवतं. मॉडेलच्या अंदाजाने सरासरी पाच ते आठ दिवसांना एक बी असं रुजतं की ज्यातून पुढे पीक वाढेल. मग दुप्पट व्हायला दीड-दोन दिवस. एकाचे हजार व्हायला दहा दुपटी, म्हणजे वीस दिवस. औषध उतरायचे काही दिवस धरले तर आपल्या गड्याच्या रक्तात तीन-चार आठवड्यांत विषाणू पुन्हा मोजता येण्याइतका झाला असणार. बाकीचे तीन महिने त्याच्या प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी, ज्यांना केंद्रावरची माणसं नुसतं 'पेशी' म्हणतात, घसरत राहतात. त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. ताप नाही, खोकला नाही, उलट गोळीविना बरंच वाटतं. जाणवतं तेव्हा बहुधा क्षयरोग झालेला असतो. आणि आणखी एक. विषाणू दबलेला असताना जोडीदाराला लागण होत नाही, हे १,७६३ जोडप्यांवरच्या ज्या अभ्यासातून पुढे आलं, त्याच्या केंद्रांमध्ये पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होती. २०११मध्ये जाहीर झालेल्या त्या निष्कर्षानुसार लवकर उपचारांनी जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी घटली. खंड पडला की हे कवचही गळून पडतं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. गोळ्यांचे दुष्परिणाम होते, खर्च होता, माणसं कंटाळत होती. मग ठरवूनच खंड घेतले तर? पेशी भरपूर असताना बंद, कमी झाल्या की सुरू. समीकरणं मांडणाऱ्या काही गटांनी खंड कधी आणि किती घ्यावा याची सुरेख वेळापत्रकं काढली. काहींना वाटत होतं की मधूनमधून विषाणू दिसला तर प्रतिकारशक्तीला तालीम मिळेल. 'स्मार्ट' नावाची चाचणी याच प्रश्नासाठी होती. ३३ देश, ५,४७२ माणसं. अर्ध्यांच्या गोळ्या अखंड. बाकीच्यांच्या पेशी ३५०च्या वर गेल्या की बंद आणि २५०च्या खाली आल्या की पुन्हा चालू. २००६च्या जानेवारीत ही चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. खंड घेणाऱ्यांमध्ये आजार किंवा मृत्यूचा धोका अडीचपटीहून अधिक निघाला. आणि चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे आजारही त्याच गटात जास्त. म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांपासून ज्या अवयवांना वाचवायला खंड घेतला, ते अवयव खंडानेच बिघडले. विषाणू डोकं वर काढतो तेव्हा सगळ्या शरीरात जो दाह पेटतो, तो वेळापत्रकांच्या समीकरणात नव्हताच. त्यात विषाणू होता, पेशी होत्या, गोळी होती. जे समीकरणात घातलं नाही ते उत्तरात कुठून येणार?

एका शरीरातून आता जिल्ह्याकडे जाऊ. इथे समीकरणं सोपी होतात, माणसं अवघड. पुढचे आकडे मी मुद्दाम काल्पनिक घेतोय, वाशीमचे नाहीत. एका केंद्रावर सहाशे जणांची नोंद आहे. गोळ्या घेणाऱ्यांपैकी दरमहा दोन टक्के गळतात आणि गळलेल्यांपैकी दरमहा दहा टक्के परत येतात. काही काळाने हे स्थिरावतं कुठे? पाचशे आत, शंभर बाहेर. तपासून पाहा, पाचशेचे दोन टक्के दहा जातात, शंभरचे दहा टक्के दहा येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की हे शंभर म्हणजे शिस्त नसलेले ठरावीक लोक. तसं नाही. विहिरीच्या पाण्यासारखे ते सतत बदलत असतात. सात-आठ वर्षं लोटली की सहाशेपैकी बहुतेकांनी कधी ना कधी त्या शंभरात मुक्काम केलेला असतो.

आता सुधारणा करायची आहे. पहिला मार्ग गळती अर्धी करण्याचा, दोनऐवजी एक टक्का. बाहेरचे शंभरचे पंचावन्न होतात. दुसरा मार्ग परतीचं प्रमाण दुप्पट करण्याचा, दहाऐवजी वीस टक्के. बाहेरचे किती? पुन्हा पंचावन्नच. आकडा तोच, पण आत दडलेलं चित्र निराळं. पहिल्या मार्गात खंड कमी पडतात, पण पडलेला प्रत्येक सरासरी दहा महिन्यांचा. दुसऱ्यात खंड पडण्याचं प्रमाण तसंच, पण सरासरी पाच महिन्यांत संपणारा. क्षयरोग आणि मृत्यू लांब खंडात वाढतात, म्हणून जीव वाचवायचे तर परतीचा रस्ता रुंद करणं जास्त मोलाचं. आपली सगळी भाषा मात्र पहिल्या मार्गाची. 'गोळी चुकवू नका' हे भिंतीवर असतं. 'चुकली तरी या' हे मी फार थोड्या भिंतींवर वाचलंय.

आणि परतीचं प्रमाण कशाने ठरतं? बऱ्याच अंशी केंद्राच्या खिडकीवरच्या पहिल्या वाक्याने. चार महिन्यांनी तोंड दाखवणाऱ्याला "काहून भाऊ, आता आठवण आली का?" असं ऐकावं लागणार असेल, तर तो पाचवा महिनाही घरीच काढतो. हे वाक्य कोणत्याही समीकरणात घालता येत नाही, पण वरच्या हिशेबातला तो 'दहा टक्के' बऱ्याच अंशी त्या वाक्याचाच बनलेला आहे. केंद्रावरच्या माणसांवर कामाचा किती बोजा असतो हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहिताना थोडा संकोचही वाटतो.

सहाशेची गोष्ट कोट्यवधींची केली की जागतिक मॉडेल होतं. २०२०च्या टाळेबंदीत पाच वेगवेगळ्या गटांनी आपापली मॉडेलं एकाच प्रश्नाला लावली. सहारापलीकडच्या आफ्रिकेत निम्म्या रुग्णांच्या गोळ्या सहा महिने थांबल्या तर? उत्तर आलं की वर्षभरात एचआयव्हीचे मृत्यू सुमारे १.६३ पट होतील. सेवा सहा महिने पूर्ण कोलमडल्या तर पाच लाखांहून अधिक जादा मृत्यू, असं जागतिक आरोग्य संघटनेने त्या मे महिन्यात जाहीर केलं. तसं झालं नाही. जगातले एड्सचे मृत्यू त्या वर्षी वाढले नाहीत. देशोदेशी एकदम तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या हातात दिल्या गेल्या. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नाकोनेही, तशा सूचना काढल्या. मग मॉडेल चुकलं का? मला ते हवामान खात्याच्या अतिवृष्टीच्या इशाऱ्यासारखं वाटतं. इशारा ऐकून नदीकाठची वस्ती हलवली आणि कुणी वाहून गेलं नाही, तर इशारा खोटा ठरत नाही. तो ऐकला म्हणूनच माणसं वाचली, हेही छातीठोकपणे सिद्ध करता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मॉडेलवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांसाठी मात्र आपल्या घरचंच उदाहरण आहे. २००६पर्यंत भारतात एचआयव्हीबाधित ५२ लाख असल्याचं मानलं जाई. २००७च्या जुलैत नवा आकडा आला, सुमारे २५ लाख. वर्षभरात सत्तावीस लाख माणसं बरी झाली नव्हती की मेली नव्हती. आधीचा अंदाज मुख्यतः ठरावीक दवाखान्यांतल्या तपासण्यांवरून सगळ्या देशासाठी ताणलेला होता. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी लाखभर लोकांच्या रक्ताची तपासणी झाली आणि आकडा निम्म्यावर आला. आज नाकोचे अंदाज सुधारलेल्या मॉडेलातून निघतात. २०२१च्या अंदाजात देशात सुमारे २४ लाख आणि महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक, सुमारे ३ लाख ९४ हजार. संगणक तोच हिशेब करतो जो आपण त्याच्या पुढ्यात टाकतो.

आणि खंड नेहमी रुग्णच पाडतो असंही नाही. २०२२च्या जुलै-ऑगस्टमध्ये काही औषधांच्या तुटवड्याविरुद्ध एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांनी दिल्लीत नाकोच्या कार्यालयापाशी महिनाभराहून अधिक काळ धरणं धरलं होतं. महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या तर खेड्यातल्या माणसाच्या एसटीच्या फेऱ्या चौपट होतात, आणि प्रत्येक फेरी म्हणजे गळतीची एक नवी संधी. मॉडेलातला तो दोन टक्क्यांचा आकडा रुग्णाच्या स्वभावाने जितका ठरतो, तितकाच डबीत किती गोळ्या आहेत यानेही ठरतो. तीन महिन्यांची डबी मिळाली असती तर आपल्या गड्याचा खंड चार महिन्यांचा न होता दोन महिन्यांचा झाला असता.

त्याच्या नशिबाने एक गोष्ट बदलली आहे. २०२०नंतर आपल्या केंद्रांवर टप्प्याटप्प्याने डोल्युटेग्राव्हिर असलेली गोळी आली, टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिनसोबत एकाच गोळीत. या औषधाला चकवणं विषाणूला फार जड जातं. इफाव्हिरेन्झपासून सुटतो तसा एका बदलात तो यातून सुटत नाही. जागली सोडून गेलेले तिघं परत आले की जनावरं बहुतेक पुन्हा पळतात. त्यामुळे 'आता माझ्यावर गोळ्या चालणार नाहीत' ही, खंड पडलेल्या माणसाला घरी बसवणारी भीती, पूर्वी जितकी खरी होती तितकी आता राहिलेली नाही. खंडाच्या काळात पेशी घसरणं, क्षय होणं, जोडीदाराला धोका असणं, हे मात्र नव्या गोळीनेही बदललेलं नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणाचं हिरवं पुस्तक पेटीच्या तळाशी गेलं असेल, किंवा घरातल्या कुणाचं, तर ते काढा आणि जवळच्या एआरटी केंद्रावर जा. परगावी असाल तर तिथल्या केंद्रावर. कुठलं जवळ आहे ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं. २०१७च्या कायद्याप्रमाणे, ठरावीक अपवाद वगळता, तुमच्या संमतीवाचून तुमची माहिती दुसऱ्याला देता येत नाही. आणि तिथे गेल्यावर किती महिने गोळ्या बंद होत्या ते खरं सांगा. 'घेतोय ना रोज' असं म्हणालात तर रक्तात वाढलेला विषाणू पाहून डॉक्टरला वाटेल की गोळीच हरली, आणि चालणारी गोळी बदलली जाईल.